जन्म कमी झाले, तरी माणसं का वाढतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: भारतात एका बाईला आता सरासरी दोनच मुलं होतात असं सरकारी सर्वेक्षण सांगतं, मग लोकसंख्या १४५ कोटींच्या पुढे कशी सरकते? यातला एक आकडा खोटा आहे का? आणि सगळ्या देशाला दोन अपत्यांचा कायदा लावला तर वाढ थांबेल का?

दोन्ही आकडे खरे आहेत. कायद्याने वाढ थांबणार नाही, का ते पुढे सांगते. तीसेक वर्षं मी लोकसंख्येच्या सर्वेक्षणांत घालवली. आधी प्रश्नावली घेऊन दारोदार फिरले, नंतर फिरणाऱ्या मुलींना शिकवलं. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी एक वाडी डोळ्यांसमोर आणा. तिथे आजी-आजोबांच्या वयाची २० माणसं आहेत, त्यांच्या मुलांच्या वयाची ४० आणि नातवंडांच्या वयाची ४०. एकूण १००. मधल्या पिढीतल्या ४० जणांची २० जोडपी, प्रत्येकाला दोन मुलं, म्हणून नातवंडं ४०. हिशेब चोख आहे, कुणालाही तिसरं मूल नाही. आता २५ वर्षं पुढे जा. म्हातारी २० माणसं गेली. मधली ४० म्हातारी झाली, नातवंडं ४० मोठी झाली, त्यांनाही प्रत्येकी दोनच मुलं झाली, म्हणजे आणखी ४०. एकूण १२०. तिसरं मूल कुणालाच झालं नाही, तरी वाडी पाचव्या हिश्शाने वाढली. कारण जाणाऱ्या पिढीत माणसं थोडी होती आणि येणारी पिढी दुप्पट होती. त्यापुढे वाडी १२० वर थांबते.

लोकसंख्याशास्त्रात याला संवेग म्हणतात. ब्रेक लावल्यावरही रेल्वे काही अंतर पुढे जाते, तसं. भारताची आजची वाढ बहुतांशी हीच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार आपण २०६० च्या दशकात १७० कोटींच्या आसपास शिखर गाठू आणि मग उतरू लागू. आज १४५, तेव्हा १७०. वाडीच्या हिशेबापासून हे फार दूर नाही.

'दोन' या आकड्याचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. एकूण जननदर २ म्हणजे प्रत्येक बाईला दोन मुलं झाली असं नव्हे. आज १५ ते ४९ या प्रत्येक वयात जितके जन्म होत आहेत, तोच वेग एखाद्या बाईच्या आयुष्यभर टिकला तर तिला किती मुलं होतील, याचा तो हिशेब आहे. आईबापांची जागा मुलांनी भरून काढायला २.१ लागतात. वरचा अंश अशासाठी, की मुलगे मुलींपेक्षा जरा जास्त जन्मतात आणि काही मुली आई होण्याआधीच दगावतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ मध्ये, हा दर ३.४ होता. २००५-०६ मध्ये २.७, २०१५-१६ मध्ये २.२ आणि २०१९-२१ मध्ये २.०. सरकार निवडक गावांत आणि वस्त्यांत दरवर्षी जन्ममृत्यू मोजतं, त्या नमुना नोंदणी पद्धतीचा २०२३ चा आकडा तर १.९ आहे. म्हणजे आपण भरपाईच्या रेषेखाली आलो आहोत. ही बातमी आपल्याकडे पुरेशी पोचलेलीच नाही. अजूनही 'विस्फोट' हाच शब्द कानावर येतो.

हा उतार आकड्यांआधी मला एका घरात दिसला. नव्वदच्या दशकाची अखेर होती, मराठवाड्यातलं गाव. ओसरीवर बसलेल्या बाईंना वय विचारलं. "लिव्ह की साठ, बाई." चेहरा साठीचाच होता. पण आम्हाला शिकवलेलं असतं, की शून्यावर किंवा पाचावर संपणाऱ्या वयावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. जन्मतारखा माहीत नसतात, म्हणून लोक ३०, ३५, ४० असे गोल आकडे सांगतात, आणि वयाच्या तक्त्यात त्या त्या जागी उंचवटे दिसतात. मग आम्ही गावाला आठवणाऱ्या घटनांवरून वय काढतो. साताऱ्याकडे कोयनेचा भूकंप विचारायचा, पुण्याकडे पानशेतचा पूर, लातूर-उस्मानाबादकडे किल्लारी. मी विचारलं, "मावशी, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होता?" म्हणाल्या, "खडी फोडाया जात व्हते, थोरला पोटात व्हता." लग्न कधी झालं, न्हाण कधी आलं, असं मागे मागे जात हिशेब लावला. बाई पंचेचाळिशीच्या आसपास होत्या. मुलं किती? "सात झाली, चार वाचली." आणि तिथेच चुलीपाशी बसलेली सून, जेमतेम तेवीस वर्षांची. दोन लेकरं. "माझं आपरेशन झालंय," ती मान न उचलता म्हणाली.

सातवरून दोनवर, एकाच उंबऱ्याच्या आत. सासूला सात मुलं हवी होती असं नाही. किती जगतील याचा भरवसा नव्हता. १९७१ मध्ये देशात दर हजार जन्मांमागे १२९ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात, २०२३ मध्ये हा आकडा २५ वर आला. पोरं जगू लागली की माणसं कमी जन्माला घालतात. जगभर हेच झालं. पण मरण आधी कमी होतं, जन्म मागाहून, आणि या मधल्या काळात लोकसंख्या भराभर वाढते. भारतात हा काळ १९२१ नंतर सुरू झाला. १९११ ते १९२१ या दशकात, १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीमुळे, देशाची लोकसंख्या २५.२ कोटींवरून थोडी घटलीच होती. त्यानंतर ती कधीच घटली नाही. १९५१ मध्ये ३६ कोटी, १९७१ मध्ये जवळपास ५५, १९९१ मध्ये ८४.६, २०११ मध्ये १२१ कोटी. वाढीचा वेग १९६१-७१ मध्ये दशकाला २४.८ टक्के होता, तो २००१-११ मध्ये १७.७ टक्क्यांवर आला. त्या मावशींची सात बाळंतपणं याच उंच लाटेतली. जगलेल्या चौघांची मुलं आज लग्नाच्या वयाची आहेत. आजची वाढ ती त्यांची.

उतार कशामुळे आला, याबद्दल माझं मत ठाम आहे. दोन गोष्टींमुळे: बाळं जगू लागली आणि मुली शाळेत गेल्या. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात अजिबात न शिकलेल्या स्त्रियांचा जननदर २.८ होता, बारावी किंवा त्याहून जास्त शिकलेल्यांचा १.८. केरळने हे सगळ्यांत आधी दाखवून दिलं. गर्भनिरोधनाची साधनं अर्थातच लागतात, आणि त्याबाबतीत मुंबईचा मान मोठा आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्येच तिथे संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि त्यापायी नोकरी गमावली. १९५२ मध्ये भारताने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला, तो जगातला पहिला राष्ट्रीय कार्यक्रम. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आलं नाही.

त्या सक्तीचे वळ अजून आकड्यांत दिसतात. पुरुष या कार्यक्रमातून उठून गेले ते परतलेच नाहीत. २०१९-२१ मध्ये विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के होतं, पुरुष-नसबंदीचं ०.३ टक्के. पुरुषांची शस्त्रक्रिया कितीतरी सोपी, तरी सगळा भार बायकांच्या पोटावर. ऐन पंचविशीत, बहुतेकदा आधी दुसरं कुठलंही साधन न वापरता. २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या आणि त्या शिबिरांनंतर डझनभराहून अधिक बायका दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं बंद करायला सांगितलं. जननदर उतरला हे आपण अभिमानाने सांगतो. तो कुणाच्या देहावरून उतरला हेही सांगायला हवं.

आता 'भारताचा' जननदर. सरासरीत फार काही दडतं. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात बिहार ३.०, मेघालय २.९, उत्तर प्रदेश २.४. दुसऱ्या टोकाला महाराष्ट्र १.७, पंजाब आणि पश्चिम बंगाल १.६, गोवा १.३, सिक्कीम १.१. गोवा आज लोकसंख्येच्या भाषेत दक्षिण युरोपजवळ आहे. २०२१ मध्ये केरळात साठीपुढची माणसं सुमारे १६.५ टक्के होती, बिहारमध्ये ७.७. एका राज्याचा प्रश्न म्हातारपणाचं पेन्शन आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रिया, दुसऱ्याचा प्रश्न पहिलीचा वर्ग आणि प्रसूतिगृह. या दोघांना एकच कायदा लावणं म्हणजे आजोबांना आणि नातवाला एकाच मापाचा सदरा शिवणं.

इथे हमखास विचारला जाणारा एक पोटप्रश्न असतो तो धर्माचा. उत्तर लहान आहे. १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रियांचा जननदर ४.४ होता, २०१९-२१ मध्ये २.४ च्या आत आला. हिंदू स्त्रियांचा याच काळात ३.३ वरून १.९ वर. दोन्ही उतरले, मुस्लिमांचा जास्त वेगाने, आणि दरी अरुंद झाली. बिहारमधल्या हिंदू स्त्रीचा जननदर केरळमधल्या मुस्लिम स्त्रीपेक्षा जास्त आहे. शाळा, दवाखाना आणि लग्नाचं वय हे धर्मापेक्षा जास्त बोलतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला मात्र वाटतं, जननदर १.७ असेल, पण लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही त्याचं काय? गर्दी आणि जन्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००१ ते २०११ मध्ये ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला, पुणे ३० टक्क्यांनी. त्याच दशकात रत्नागिरी जवळपास ५ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्ग २ टक्क्यांनी घटले. हो, घटले. आणि तिकडे गिरगाव-परळ असलेला मुंबई शहर जिल्हाही साडेसात टक्क्यांनी घटला. माणसं जन्मली म्हणून ठाणं भरलं नाही, ती तिथे आली म्हणून भरलं: कोकणातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आणि खुद्द मुंबईतूनही. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या, कारण पुरुष चाकरमानी होऊन बाहेर. कोकणातल्या वाड्यांत गेलात तर लोकसंख्येचा प्रश्न वेगळाच दिसतो. गणपतीपुरती उघडणारी घरं, पट दहाच्या खाली गेल्याने बंद पडायला आलेली शाळा आणि एकट्या राहणाऱ्या बाया. अशा ठिकाणी 'लोकसंख्या आवरा' हे भाषण कुणाला द्यायचं?

म्हणून कायद्याकडे येते. दोन अपत्यांची अट महाराष्ट्रात आहेच. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, आणि २००५ पासून सरकारी नोकरीलाही ही अट आहे. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणाची अशीच अट वैध ठरवली. पण तिने जननदर उतरला याचा पुरावा मला कधी सापडला नाही. अशी अट नसलेल्या केरळ आणि तामिळनाडूचा जननदर अट असलेल्या राज्यांच्या आधीच उतरला होता. मध्य प्रदेशच्या माजी मुख्य सचिव निर्मला बुच यांनी पाच राज्यांत या अटीचा अभ्यास केला, तेव्हा वेगळंच समोर आलं: पद वाचवायला बायकोला सोडून देणं, मूल दत्तक दिल्याचं दाखवणं, गर्भपात. आंध्र प्रदेशने तर २०२४ मध्ये ही अट काढून टाकली, कारण तिथल्या राज्यकर्त्यांना आता कमी जन्मांची काळजी वाटते. चीनचं उदाहरण देणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की तिथला जननदर १९७० मध्ये सहाच्या जवळ होता आणि एक मूल धोरण येण्याआधीच तो तीनच्या खाली उतरला होता. आज तो एकच्या आसपास आहे, २०२२ पासून तिथली लोकसंख्या घटते आहे, आणि आता सरकारने कितीही विनवलं तरी तरुण जोडपी ऐकत नाहीत.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती दुसऱ्याच परिणामाची. जिथे मुलगा हवाच असतो, तिथे मुलांची संख्या बांधून दिली की मुलगी गाळली जाते. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरी राज्यात ० ते ६ वयातल्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीडमध्ये ८९४ वरून थेट ८०७. त्या वर्षी तो तक्ता वाचताना मी बराच वेळ पुढचं पान उलटू शकले नाही. याच बीडमध्ये आणि शेजारच्या परभणीत २० ते २४ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी चाळीसहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झाली होती, असं २०१९-२१ चं सर्वेक्षण सांगतं. कारण शोधायला लांब जायला नको. ऊसतोडीची उचल 'कोयत्या'ला मिळते आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. लग्न झालं तरच जोडी होते. शिवाय आईबाप सहा महिने तोडीला गेले की वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? अशा घरात मुलीच्या शाळेला वसतिगृह मिळणं हेच खरं लोकसंख्या धोरण आहे. लग्न तीन वर्षं लांबलं तर पिढ्यांमधलं अंतर वाढतं, आणि संवेगाचा जोर कमी करण्याचा तेवढा एकच मार्ग आपल्या हातात उरला आहे.

पुढच्या वीस वर्षांकडे पाहिलं तर संख्या फारशी चक्रावणारी नाही. सरकारच्याच तांत्रिक गटाच्या अंदाजाने २०३६ मध्ये आपण सुमारे १५२ कोटी असू, साठीपुढची माणसं २०११ मध्ये साडेआठ टक्क्यांच्या आसपास होती ती १५ टक्के होतील. कमावत्या वयाची माणसं आज लोकसंख्येच्या साठ टक्क्यांहून जास्त आहेत. याला लाभांश म्हणतात, पण बँकेच्या व्याजासारखा तो आपोआप जमा होत नाही. काम मिळालं तर लाभ, नाही तर तीच मुलं अकादमीच्या खोल्यांत भरतीची वाट बघत तिशी गाठतात. आणि ही खिडकी केरळात मिटत आली आहे, महाराष्ट्रात मिटू लागेल, बिहारमध्ये अजून नीट उघडायची आहे. देश श्रीमंत होण्याआधी म्हातारा होईल का, हा माझ्या दृष्टीने आजचा सगळ्यांत मोठा प्रश्न आहे. त्यातही म्हातारपण बाईचं असतं: ती जास्त जगते, नवऱ्याहून लहान असते, म्हणून शेवटची वर्षं विधवा म्हणून आणि बहुधा स्वतःच्या उत्पन्नाशिवाय काढते.

हे सगळं सांगताना माझ्या हातात २०११ ची जनगणना आहे, याची खंत वाटते. २०२१ ची झालीच नाही. अन्न सुरक्षा कायद्याखाली धान्य मिळणाऱ्या माणसांची मर्यादा, सुमारे ८१ कोटी, अजून २०११ च्या मोजणीवर ठरलेली आहे. म्हणजे त्यानंतर वाढलेल्यांपैकी गरीब घरांसाठी रांगेत जागाच नाही. लोकसभेच्या जागाही अजून १९७१ च्या लोकसंख्येवर राज्यांमध्ये वाटलेल्या आहेत. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर त्यांची फेरवाटणी होऊ शकते, आणि ज्यांनी जन्म आवरले त्या दक्षिणेच्या राज्यांना आपलं वजन घटेल ही भीती आहे. ती मला रास्त वाटते.

नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे, आणि माणसांची मोजणी त्याआधी फेब्रुवारीत होईल. फेब्रुवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. बीडची, परभणीची लाखो माणसं तेव्हा गावात नसतील. ती कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगरच्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या आसपास कोपीत असतील, पहाटे फडावर गेलेली, दिवसा कोपी रिकामी. प्रगणक म्हणून नेमल्या जाणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की त्या कोप्यांवर दिवस मावळल्यानंतर जा. घरातल्या प्रत्येक बाईचं वय तिलाच विचारा, आणि गोल आकडा आला तर थोडं थांबा. आता बहात्तरचा दुष्काळ आठवणाऱ्या फार उरल्या नाहीत. तरुण मुलींना किल्लारीही आठवत नाही. त्यांना विचारा, करोनात शाळा बंद झाल्या तेव्हा तू कितवीत होतीस, आणि परत गेलीस का?